डिझेलचा डबा आणि फिरता सौर पंप



पेण-रोह्याची शेती म्हटली की बाहेरच्या माणसाला पावसाळ्यातील हिरवेगार भात आठवते. पण भात कापून, झोडून घरात आल्यावर त्या शेतात पुढे काय होते, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. जेथे डोलवहाळ बंधाऱ्याच्या कालव्याचे पाणी पोहोचते तेथे उन्हाळी भात होतो. जेथे पोहोचत नाही तेथे जमिनीच्या ओलीवर वाल येतो, हरभरा येतो, लोक पोपटी लावतात आणि मग जमीन मे महिन्यापर्यंत नुसती पडून राहते. या पडून राहणाऱ्या जमिनीत भेंडी, काकडी, कलिंगड, तोंडली काढून आपली कितीतरी कुटुंबे चार पैसे मिळवू शकतात. पाणी फार लांब नसते. ओढ्याच्या डोहात असते, वनराई बंधाऱ्यात असते, जुन्या विहिरीत असते. ते फक्त वीस-पंचवीस फूट वर चढवायचे असते. एवढे वीस-पंचवीस फूट गरीब माणसाला किती महाग पडतात, याचा हिशेब आज आम्ही आपल्यापुढे मांडणार आहोत.

आम्ही काही इंजिनिअर नाही. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन पेणच्या एका कचेरीत कारकुनी करतो. घर रोहा तालुक्यात. रोज दिवा-रोहा गाडीने, नाहीतर एसटीने जाणे-येणे. सुटीच्या दिवशी वस्तीतील लोकांचे अर्ज लिहिणे, दाखल्यांसाठी फिरणे, बचत गटाच्या वह्या तपासणे, हे आमचे समाजकार्य. शेती धाकटा भाऊ पाहतो. तेव्हा यंत्राचे ज्ञान आमचे उसने आहे, पण जमाखर्च मात्र आमचा स्वतःचा आहे.

आमच्या शेतात डिझेल दोन वाटांनी जळते. एक म्हणजे इंजिनवरचा पंप. दुसरी वाट जनरेटरची. ज्याने कधीतरी विजेची मोटर घेतली, पण शेतापर्यंत लाईन आली नाही, तो तासाच्या भाड्याने जनरेटर आणून त्यावर मोटर चालवितो. भात झोडणीच्या यंत्रालाही काही ठिकाणी हाच जनरेटर लागतो. यात दुहेरी नुकसान आहे. डिझेल जाळून आधी वीज करायची आणि मग त्या विजेने मोटर फिरवायची. दोन्ही ठिकाणी गळती. तरी माणूस करतो, कारण डोळ्यांदेखत उभे पीक वाळते आहे हे कोणाला पाहवते?

आता हिशेब पाहू. पाच कुटुंबे, प्रत्येकाचे २० गुंठे, म्हणजे एकूण अडीच एकर भाजीपाला. डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत चार महिन्यांचा हंगाम. दिवसाआड चार तास इंजिन चालले तर ६० पाळ्या आणि २४० तास. पाच अश्वशक्तीचे इंजिन तासाला साधारण एक लिटर डिझेल पिते. २०१४ च्या ऑक्टोबरात केंद्र सरकारने डिझेलच्या दरावरचे नियंत्रण उठविले, तेव्हापासून बाजाराप्रमाणे तो दर चढत-उतरत असतो. आपण लिटरला ९० रुपये धरू. म्हणजे २१ हजार ६०० रुपयांचे नुसते डिझेल! कुटुंबामागे ४ हजार ३२० रुपये. रोजगार हमीचा २०२५-२६ चा दर दिवसाला ३१२ रुपये होता. त्या दराने ही जवळजवळ १४ दिवसांची मजुरी झाली. त्यात इंजिनचे भाडे, ऑईल, दुरुस्ती आणि डिझेलचा डबा घेऊन पंपावर जाण्यात मोडलेले दिवस धरलेले नाहीत. भाजीला भाव मिळाला तर ठीक. नाही मिळाला तरी डिझेलवाल्याचे पैसे आधी द्यावे लागतात.

पैशांच्या पलीकडचा एक प्रसंग सांगतो. दोन वर्षांपूर्वी मार्च महिन्यात आमच्या विहिरीचे पाणी खाली गेले. वर बसविलेला पंप सात मीटरपेक्षा, म्हणजे तेवीस-चोवीस फुटांपेक्षा, फार खोलून पाणी ओढू शकत नाही. म्हणून सगळे करतात तेच भावाने केले. विहिरीत आडव्या फळ्या टाकून इंजिन खाली उतरविले. सतरा वर्षांचा आमचा पुतण्या डिझेल भरायला खाली उतरला आणि थोड्या वेळाने त्याचा आवाज येईनासा झाला. भावाने वाकून पाहिले तर पोरगा फळीवर आडवा पडलेला. इंजिन बंद करून, नाकाला ओला पंचा बांधून, दोर कमरेला लावून दोघे खाली उतरले आणि त्याला वर काढले. दवाखान्यात प्राणवायू लावल्यावर संध्याकाळी त्याने डोळे उघडले. डॉक्टरांनी समजावून सांगितले की, इंजिनच्या धुरातील कार्बन मोनॉक्साईड या वायूला रंग नाही, वास नाही. तो कोंडलेल्या जागेत साठतो आणि माणसाला आधी झोप येते. ओला पंचा बांधूनही तो वायू अडत नाही, तेव्हा जे दोघे उतरले तेही मरणाच्या दारातून परत आले होते. आमच्या भावजयीने त्या दिवसापासून विहिरीत इंजिन उतरवू दिलेले नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली डिझेलच्या धुराला कर्करोगकारक ठरविले आहे, ते वेगळेच.

मग वीज का घेत नाही, असे कोणी विचारील. रायगड जिल्ह्याला वीज नवी नाही. टाटांची खोपोली, भिवपुरी आणि भिरा ही तिन्ही जलविद्युत केंद्रे याच जिल्ह्यात. खोपोलीचे १९१५ सालचे, भिवपुरीचे १९२२ सालचे आणि रोह्याच्या वरच्या अंगाचे भिरा १९२७ सालचे. मुळशीचे पाणी भिऱ्याला उतरते, वीज तयार करते आणि कुंडलिका नदीतून आमच्या अंगणावरून वाहत जाते. वीज मात्र मुंबईच्या गिरण्यांना आणि गाड्यांना गेली. त्याच १९२७ साली, २० मार्चला, याच जिल्ह्यातील महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. पाणी समोर असणे आणि पाणी आपल्याला मिळणे, यांत किती अंतर असते हे आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको.

आज शेतीपंपाच्या विजेचे असेच आहे. राज्य सरकारने एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत वीज देण्याची योजना सुरू केली. चांगली गोष्ट आहे. पण ही मोफत वीज कोणाला? ज्याच्या नावावर जोडणी आहे त्याला. ज्याच्याकडे जोडणीच नाही, तो शेजारच्या बांधावर लिटरला ९० रुपये मोजून तेच पाणी त्याच ओढ्यातून उचलतो. सधनाला फुकट आणि गरिबाला रोखीने, असा हा उलटा हिशेब आहे.

सौर पंपाच्या सरकारी योजनाही आहेत आणि त्यांत आपल्यासाठी मोठी सवलत ठेवली आहे. केंद्राची कुसुम योजना २०१९ साली आली. राज्याची ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजना २०२४ साली आली. या योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याचा वाटा १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याचा फक्त ५ टक्के ठेवला. अडीच एकरांपर्यंत तीन अश्वशक्तीचा, पाच एकरांपर्यंत पाच अश्वशक्तीचा पंप, आणि पाच वर्षे दुरुस्तीची हमी. ज्यांच्या नावावर सातबारा आहे आणि जवळ पाण्याची सोय आहे, त्या आपल्या बांधवांनी अर्ज करण्यात एक दिवसही घालवू नये. अनुसूचित जाती व नवबौद्ध शेतकऱ्यांसाठी २०१७ साली सुरू झालेली डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजना आहे. तिच्यात नवी विहीर, जुन्या विहिरीची दुरुस्ती, पंपसंच अशा गोष्टींना अनुदान आहे. तिचीही चौकशी पंचायत समितीत जरूर करावी.

पण आमच्या वस्तीत अर्ज भरायला बसलो तेव्हा घोडे नेमके सातबाऱ्यावर अडले. पाच कुटुंबांपैकी तिघांची जमीन मक्त्याने केलेली. मूळ मालक पनवेलला किंवा मुंबईला. उरलेल्या दोघांच्या सातबाऱ्यावर वीस-वीस नावे. काही मयत, काहींचा पत्ता नाही, काहींना गावाची वाट ठाऊक नाही. सर्व सहहिस्सेदारांचे ना हरकत पत्र आणायचे म्हणजे आणखी एक पिढी जाईल! हा दोष कोणा एका कारकुनाचा नाही. याची मुळे इतिहासात आहेत. पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्याच्या काही भागात खोती होती. कसणारा एक आणि दप्तरात नाव दुसऱ्याचे, ही येथली जुनी रीत. ती मोडण्यासाठी बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि १९३८ च्या जानेवारीत शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत नेला. पुढे कायद्याने खोती गेली, कूळकायदा आला, पण ज्यांची नावे तेव्हा लागली नाहीत त्यांची आजही नाहीत.

सरकारी सौर पंप जमिनीत पाया घेऊन उभा राहतो. तो त्या विहिरीशी आणि त्या गटनंबराशी बांधलेला असतो. मक्त्याने शेती करणाऱ्याचे मात्र आज हे शेत तर पुढच्या वर्षी ते. त्याला असा पंप हवा की, जो जमिनीचा नव्हे तर माणसाचा असेल. शेत बदलले की सोबत चालेल. म्हणूनच आम्हाला फिरत्या सौर पंपाचे महत्त्व वाटू लागले.

हा प्रयोग नवलाचा नाही. बिहारमध्ये क्लॅरो एनर्जी या कंपनीने ट्रॉलीवर बसविलेले सौर पंप शेतोशेती नेऊन वापराप्रमाणे पैसे घेऊन पाणी दिले. आपल्या पुण्यातील खेतवर्क्स या कंपनीने लहान शेतकऱ्यासाठी उचलून नेता येईल असा छोटा सौर पंप तयार केला. गुजरातमध्ये खेडा जिल्ह्यातील धुंडी या गावी तर शेतकऱ्यांनी सौर पंपांची सहकारी संस्थाच काढली आणि सिंचनानंतर उरलेली वीज ते २०१६ पासून वीज कंपनीला विकू लागले. अडाणी म्हणून हिणविले गेलेले शेतकरी हे करू शकतात, तर आपण का नाही?

यंत्र समजायला सोपे आहे. ३३५ वॅटची तीन पॅनेल म्हणजे साधारण १ किलोवॅट. त्यावर एक अश्वशक्तीचा पंप चालतो. एक पॅनेल सुमारे दोन मीटर लांब, एक मीटर रुंद आणि बावीस-तेवीस किलो वजनाचे असते. पॅनेल आणि पंप यांच्यामध्ये कंट्रोलर नावाची पेटी असते. ऊन कमी-जास्त झाले की ती पंपाचा वेग जुळवून घेते. बॅटरी लागत नाही. ऊन आहे तोवर पाणी, ऊन गेले की पंप बंद. केंद्र सरकारच्या मापदंडाप्रमाणे दहा मीटर उंचीवर पाणी चढविताना आणि पॅनेल दिवसातून तीन वेळा सूर्याकडे वळवून घेताना, पॅनेलच्या प्रत्येक वॅटमागे दिवसाला ९० ते १०० लिटर पाणी मिळायला हवे. म्हणजे १ किलोवॅटला ९० हजार ते १ लाख लिटर. भाजीपाल्याला दिवसाला पाच मिलिमीटर पाणी धरले तर २० गुंठ्यांना १० हजार लिटर लागते. पाच कुटुंबांना ५० हजार. मातीच्या पाटात काही पाणी मुरले तरी भागते. हा हिशेब आम्ही तीन वेळा करून पाहिला, तेव्हा कोठे आम्हाला धीर आला.

आणि आमच्या कोकणाला एक गोष्ट फार सोयीची आहे. पावसाळ्याचे चार महिने ऊन नसते, पण तेव्हा पंपही लागत नाही. डिसेंबर ते मे आकाश स्वच्छ असते आणि पाण्याची गरजही तेव्हाच असते.

आता पैशांचा प्रश्न. आम्ही वस्तीत प्रथम बैठक घेतली तेव्हा एक वडीलधारे गृहस्थ म्हणाले, “सूर्य फुकट आहे म्हणता, मग वर्गणी कसली?” त्यांचे बोलणे हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. सूर्य फुकट आहे, पॅनेल फुकट नाही. पॅनेल, पंप, कंट्रोलर, पाईप आणि रोह्याच्या वेल्डरकडून करून घेतलेला दोन चाकांचा गाडा, असा सर्व खर्च सव्वा लाखाच्या घरात जातो. यात सुमारे ६० हजार पॅनेल आणि गाड्याचे. ते वीस वर्षे चालतील असे धरले तर वर्षाला ३ हजारांचा घसारा. उरलेले ६५ हजार पंप, कंट्रोलर, पाईपचे. त्यांचे आयुष्य आठ वर्षे धरले तर वर्षाला ८ हजार १२५. दुरुस्तीला ३ हजार. एकूण वर्षाचा खर्च १४ हजारांच्या आसपास. डिझेलचे २१ हजार ६०० पाहता बचत दिसते. पण सव्वा लाख जर शेकडा बारा व्याजाने काढले, तर पहिल्याच वर्षी १५ हजार व्याज! सगळी बचत त्यात जाते. ज्याच्याकडे आधीच पैसे आहेत त्याला सूर्य स्वस्त पडतो आणि ज्याच्याकडे नाहीत तो डिझेलवरच राहतो.

बाबासाहेबांनी नेमकी ही गोष्ट १९१८ साली, ऐन तरुणपणी, भारतातील लहान शेतजमिनींवर लिहिलेल्या आपल्या निबंधात मांडली आहे. जमिनीचा तुकडा लहान आहे एवढ्यावरून शेती तोट्याची ठरत नाही. त्या तुकड्यावर राबणाऱ्याजवळ अवजारे, बैल, भांडवल यांचे प्रमाण काय, हे पाहावे लागते, असा त्यांचा विचार होता. पुढे १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना वीज आणि पाटबंधारे हे विषय त्यांच्याकडेच होते. स्वस्त आणि भरपूर वीज मिळाल्याशिवाय या देशाचे दारिद्र्य हटणार नाही, हे त्यांनी तेव्हा सरकारी समितीसमोर आग्रहाने सांगितले. आपण त्यांच्या जयंतीला रोषणाई करतो. त्याबरोबर विजेविषयीचे त्यांचे कामही पोरांना सांगितले पाहिजे, असे आम्हाला वाटते.

असो. आमच्या गटाने भांडवलाची वाट अशी काढली. निम्मी रक्कम मुंबईतील आमच्या ग्रामस्थ मंडळाने बिनव्याजी दिली. चार वर्षांत फेडायची. चौथा हिस्सा महिला बचत गटाच्या शिलकीतून आला. उरलेला पाच कुटुंबांनी भाताच्या पैशांतून घातला. गाडा कोणा एकाच्या नावावर नाही, गटाच्या नावावर आहे. हे आम्ही मुद्दाम पहिल्या दिवशी लेखी करून ठेवले, कारण नात्यात तोंडी व्यवहार गोड सुरू होतो आणि कडू संपतो.

मागील हंगामात हा गाडा चालला. पहिल्या दिवशी आम्ही २०० लिटरचे पिंप ठेवून घड्याळ लावले. भर दुपारी ते मिनिटभरात भरले. सकाळी नऊ वाजता त्यालाच अडीच मिनिटे लागली. त्यावरून पाण्याच्या पाळ्या ठरविल्या. सकाळची पाळी कमी पाण्याची, म्हणून ती वेळेने मोठी. प्रत्येक कुटुंबाला आळीपाळीने दुपारची पाळी. वही आमच्या सौ. लिहितात आणि त्या बाबतीत त्या नवऱ्याचेही ऐकत नाहीत.

अडचणी आल्या नाहीत असे नाही. शेताचे बांध ओलांडताना गाडा अडकला, तेव्हा पॅनेल सोडून डोक्यावरून न्यावी लागली. आता गाड्यावर फक्त सांगाडा ठेवतो आणि पॅनेल दोघे मिळून उचलतात. एकदा आंब्याची सावली एका पॅनेलच्या कोपऱ्यावर पडली आणि पंप जवळजवळ थांबला. यंत्र बिघडले म्हणून सगळे घाबरले. नंतर कळले की पॅनेल एकामागे एक जोडलेली असल्याने एकावर सावली पडली तरी सगळ्यांची वीज कमी होते. फेब्रुवारीत वारा सुटला तेव्हा गाडा कलला. तेव्हापासून चारही कोपऱ्यांना दगड भरलेल्या गोणी बांधतो. धूळ आठवड्यातून एकदा साध्या पाण्याने, पहाटे पॅनेल थंड असताना धुतो. आणि आया-बहिणींनी एक ध्यानात ठेवावे. पॅनेलला बटण नसते. ऊन आहे तोवर त्याच्या तारेत वीज असते. तारा सोडण्यापूर्वी पॅनेलवर जाड ताडपत्री किंवा गोधडी टाकावी, मुलांना हात लावू देऊ नये.

विहिरीचा प्रश्नही मिटला. पुढे विहिरीसाठी गटाने पाण्यात सोडायचा छोटा पंप घेतला, तोही याच पॅनेलवर चालतो. पॅनेल वर उन्हात, पंप खाली पाण्यात. कोणाला फळ्यांवर उतरावे लागत नाही. पुतण्या आता बारावी झाला आणि गाड्याची देखभाल तोच करतो.

गटात एक काकू आहेत. पती वारले, मुलगी सासरी. पंधरा गुंठे मक्त्याने करतात. पूर्वी इंजिनवाल्याच्या सवडीने त्यांना पाणी मिळे, म्हणजे सर्वांचे झाल्यावर, आणि कधी मिळतही नसे. आता वहीत त्यांची पाळी इतरांइतकीच लिहिलेली असते. हंगामाच्या शेवटी आम्ही त्यांना विचारले, “काकू, किती सुटले?” तर म्हणाल्या, “पैसे सुटले ते सुटले, पण भाऊ, पाण्यासाठी कुणाच्या दारात उभं राहावं लागलं नाही.” आमच्या जमाखर्चात या गोष्टीला रकाना नाही.

पावसाळ्यात पॅनेल विहाराच्या पडवीवर चढविली. ढगाळ हवेत वीज फार थोडी मिळते, पण एका बॅटरीवर अभ्यासिकेचे दोन दिवे आणि वस्तीतले मोबाईल तेवढ्यावर भागतात. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात आपल्या जिल्ह्यात खांब आडवे झाले आणि कितीतरी गावे दिवसेंदिवस अंधारात राहिली, ते आपण विसरलेलो नाही. तेव्हा मोबाईल चार्ज करायला लोक जनरेटरसमोर रांग लावीत होते. वादळाची सूचना मिळताच पॅनेल सोडून घरात ठेवता येतात, हा फिरत्या संचाचा आणखी एक फायदा.

आता थोडे कटू बोलणे भाग आहे. फिरता सौर पंप सर्वांच्या उपयोगाचा नाही. पेणच्या खारेपाटात, वाशी, शिर्की, वढावच्या बाजूला, पाणीच खारट. सौर पंप खारट पाणी गोड करीत नाही. तेथे शेततळ्यात साठविलेले पावसाचे पाणी असेल तरच त्याचा उपयोग, आणि खारी हवा लोखंड खाते म्हणून सांगाडा जस्ताचा मुलामा दिलेलाच हवा. जिताड्याच्या तळ्यात हवा खेळविण्याचे यंत्र पहाटे चालवावे लागते, कारण प्राणवायू तेव्हाच सर्वांत कमी असतो. बॅटरीशिवायचा सौर संच तेथे कामाचा नाही. आणि पाणी फुकट म्हणून दिवसभर पंप चालू ठेवला तर मार्चमध्ये आटणारी विहीर फेब्रुवारीतच आटेल. डिझेल महाग होते म्हणून माणूस जपून वापरीत होता. आता ती जपणूक वहीने आणि एकमेकांच्या शब्दाने करावी लागेल. वनराई बंधारा ऑक्टोबर-नोव्हेंबरात, ओढा वाहता असतानाच घातला पाहिजे; एकदा ओढा आटला की गाड्यावर कितीही पॅनेल चढवा, उचलायला पाणी नसते.

सरकारकडे आमची मागणी एकच आहे. केंद्राच्या कुसुम योजनेच्या नियमावलीत पाणी वापर संस्था आणि सामूहिक सिंचन यांना जागा आहे. मग मक्त्याने शेती करणाऱ्यांच्या नोंदणीकृत बचत गटाला, सातबाऱ्याऐवजी ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर, फिरत्या पंपासाठी तेच अनुदान का देऊ नये? पॅनेलचा क्रमांक नोंदवा, वर्षातून एकदा तपासणी करा, गटाने विकला तर वसुली करा. पण कसणाऱ्याच्या हाती तो द्या. आम्ही या आशयाचे निवेदन तयार केले असून तहसीलदार आणि समाजकल्याण खात्याकडे ते देणार आहोत. पेण, रोहा, सुधागड, माणगाव या तालुक्यांतील गटांनी आपापल्या नावाने असेच निवेदन द्यावे. एका निवेदनाची फाईल होते, पन्नास निवेदनांचा प्रश्न होतो.

तोपर्यंत आपल्या हाती आहे ते करू. ज्यांचा सातबारा स्वच्छ आहे त्यांनी ५ टक्क्यांच्या योजनेत अर्ज करावा. ज्यांचा नाही त्यांनी पाच घरे मिळून, दिवाळीपूर्वी, मागील हंगामात डिझेलवर किती रुपये गेले याची यादी करावी. नुसती यादी. आमच्या वस्तीत ती यादी मोठ्याने वाचली तेव्हा थोडा वेळ कोणी बोलले नाही, आणि मग एक आजी म्हणाल्या, “एवढ्यात तर नातीचं वर्षाचं शिक्षण झालं असतं.” पुढची बैठक घ्या म्हणून आम्हाला कोणाला सांगावे लागले नाही.